एक जुलैला गाळलेलं नाव

"कडी बाहेरून होती," लिएंडर टिझर्डने तिसऱ्यांदा सांगितलं. "मी काढली, आत पाऊल टाकलं, आणि काका असे."

कॉर्पोरल उना हॅनने आधी कडी पाहिली, मग दार, मग आतला माणूस. मेलेला माणूस बाहेर येऊन कडी घालून पुन्हा आत जाऊन पडत नाही. एवढं कळायला पोलिसात भरती व्हावं लागत नाही. पण बोटीत तासभर हाडं खिळखिळी करून घेतल्यावर निदान एक गोष्ट तरी पक्की हाती लागली, याचं तिला बरं वाटलं.

अझराया टिझर्ड स्वतःच्या धक्क्यावरच्या मासळीच्या खोपटात उताणा पडला होता. डोक्याला मागून जखम, मासळी चिरायच्या टेबलाच्या कोपऱ्याला रक्त. कुणीतरी ढकललं होतं. मग त्याच कुणीतरी त्याचे पाय सरळ केले होते आणि टोपी छातीवर ठेवली होती. कोटावर डाव्या बाजूला लोकरीने विणलेलं निळं फूल टाचलेलं होतं.

उना गुडघ्यांवर बसली. हातमोज्याच्या बोटाने तिने फुलाची कड उचलली. खाली कोटावर बशीएवढा ओला डाग होता. बाकी कोट कोरडा, खालच्या फळ्या कोरड्या. सरकारने कॉडची मासेमारी बंद केल्यापासून त्या खोपटात एक मासा चिरला गेला नव्हता. दिवसभर ऊन होतं आणि वारा तर कान उपटून नेईल असा. दाराशी लांब दांड्याचं झेलजाळं टेकवलेलं होतं. त्याची जाळी अजून ओलसर होती.

"कुणी मासे धरत होतं वाटतं," कॉन्स्टेबल प्रुइट म्हणाला.

"कोणते मासे, बाळा? तू येण्याआधीच संपले ते."

प्रुइट सस्कॅचेवानचा. तिथे समुद्र चित्रात बघतात. न्यूफाउंडलंडवरची ही त्याची पहिलीच एक जुलै होती आणि सकाळी तो सगळ्यांना देशाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देत हिंडला होता. कुणी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून बिचारा दिवसभर गोंधळलेला होता.

"हे फूल कसलं?" त्याने विचारलं.

उनाला एका जागी बसून बोलता येत नसे. ती धक्क्यावर येरझाऱ्या घालू लागली आणि प्रुइट मागे मागे.

"सकाळी आमचं सुतक असतं आणि दुपारी वाढदिवस," ती म्हणाली. "एकोणीसशे सोळा साली याच सकाळी आमची आठशे पोरं फ्रान्समध्ये खंदकातून वर निघाली. दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट. पुढे आम्ही कॅनडात सामील झालो, तर कॅनडाचा जन्मही नेमका एक जुलैचा. आता रडायचं की केक कापायचा? म्हणून बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर, बारानंतर वर."

"आणि फूल?"

"ते बारापर्यंत. या स्केरी कोव्हमध्ये झेंडा वर गेला की सगळे फूल काढून पाण्यात सोडतात."

स्केरी कोव्ह एवढ्यावर थांबत नाही. इथे 'दिवस वाचतात'. सकाळी स्मारकापाशी एक जुलैला गेलेल्या सगळ्या गावकऱ्यांची नावं. लढाईत, समुद्रात, खाटेवर, कशीही. दुपारी चारला केकपाशी एक जुलैला जन्मलेल्यांची. 'वाचतात' म्हणायचं एवढंच, कागद कुणाच्या हातात नसतो. ज्याला तोंडपाठ आहे त्याने म्हणायचं, आणि ते अझराया म्हणत असे. तो स्वतः याच दिवशी जन्मलेला, आज एक्याऐंशीचा झाला होता.

दिवसाच्या बाबतीत म्हातारा कर्दनकाळ. एका पाद्रीबुवांची आई तीस जूनच्या रात्री गेली. मध्यरात्र उलटून गेली होती असं धरा हो, म्हणून त्यांनी अझरायाच्या विनवण्या केल्या. "देवाला तारीख विचारून या," असं सांगून त्याने त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

सकाळचं वाचन झालं की तो कुणाशी न बोलता या खोपटात येई. झेंडा वर जाताना त्याला बघवत नसे. बारा वाजले की स्वतःच्या धक्क्यावरून फूल सोडून देई, एकटाच.

"म्हणजे झालंच की!" प्रुइट म्हणाला. "फूल अजून कोटावर आहे. म्हणजे बाराच्या आत मेला. वाचन संपल्यापासून बारापर्यंत अख्खं गाव स्मारकापाशी प्रार्थनेला उभं होतं. एकच माणूस नव्हता, हा पुतण्या. बोटीचं इंजिन दुरुस्त करत होतो म्हणतो. आणि काल संध्याकाळी काकापुतण्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलंय. कशावरून, ते तो सांगत नाही."

सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर जुळलं की उनाला त्यात कुठेतरी खोट वाटायची. तिने दर्याकडे पाहिलं. वारा ईशान्येकडे वळू लागला होता. सेंट जॉन्सहून खुनाच्या तपासाची माणसं आणि डॉक्टर उद्याशिवाय येणार नव्हते. लिएंडरला न्यायचं तर अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं.

गावच्या हॉलमध्ये लिएंडर बेड्या घातलेले हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याची बायको डल्सी दारातच आडवी आली.

"तुमची आई पलीकडच्या खाडीतली ना, स्ट्रिकलंडांची?" ती उनाला म्हणाली. "छान शिकवलंय हो तिने. जो माणूस प्रेत पाहून बोंबलत आला, त्यालाच धरायचं!"

"तो भांडणाचं कारण का सांगत नाही?"

"मलाही सांगत नाही. काकाला शब्द दिलाय म्हणे." डल्सीचा आवाज फाटला. "काका मेला ना आता! मेलेल्याच्या शब्दापायी हा तुरुंगात सडणार, आणि मी काय करायचं? दोन पोरं आहेत माझी. माझा नवरा तापट आहे, मान्य. पण अझरायाकाकाने वाढवलंय त्याला, बापासारखं."

"मग त्याला बोलतं कर. माझी बोट फार थांबणार नाही."

आतल्या स्वयंपाकघरात मेल्विना ऑर्गन न कापलेल्या केकवर झाकण ठेवत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा ठेवत होती. गावातली सगळी निळी फुलं तिच्याच हातची. साठी कधीच उलटलेली, पण पाठ ताठ.

"बस पोरी. चहा घे. डब्यातल्या दुधाचा आहे."

"बसवत नाही मावशी. सकाळी काही वेगळं घडलं का?"

मेल्विनाने झाकण खाली ठेवलं. "माझ्या भावाचं नाव घेतलं नाही त्याने."

"कुणी? अझरायाकाकांनी?"

"दरवर्षी सांगतो, 'सेल्बी ऑर्गन, वय एकोणीस, ब्लॅक हेडपाशी बुडाला.' चाळीस वर्षं झाली असतील. आज तेवढंच गाळलं. पुढचीमागची सगळी नावं घेतली. मी समोर उभी होते. माझ्या डोळ्याला डोळा देईना."

"विसरले असतील."

"अझराया? तो जेवायला विसरेल." तिने डोळे पुसले. "मी गेले होते विचारायला. झेंडा वर गेला, फुलं सोडली, मग इथे टेबलं लावली, आणि तशीच त्याच्या खोपटाकडे गेले. तर दाराला बाहेरून कडी. म्हटलं, घरी गेला असेल. परत आले. आत पडला असेल असं मनातही आलं नाही गं."

"आणि चार वाजता?"

"चारला सगळे इथे जमले. त्याचाच पत्ता नाही. लिएंडर म्हणाला, बघून येतो. मी सुरी हातात घेऊन खिडकीशी उभी. बाहेर बघते तर झेंडा अर्ध्यावर. मी म्हटलंही, 'आता कोण गेलं?' तेवढ्यात लिएंडर ओरडत आला चढावरून."

उना तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चहा उभ्याउभ्याच संपवला आणि बाहेर पडली.

गारलँड कीपिंग तिला स्मारकापाशी सापडला. हातात दोरी, दोरीची गाठ सोडत होता आणि पुन्हा मारत होता. गावच्या झेंड्याची दोरी एकाच माणसाच्या हातात असते, तो मरेपर्यंत. गावात कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावर आणायचा तोही त्यानेच. गारलँडने मिसरूड फुटल्यापासून हे काम केलं होतं. जुना तांडेल म्हणून सगळे त्याला 'स्किपर' म्हणत. गावसमितीचा अध्यक्षही तोच, आणि कुणाच्या घराचं छप्पर उडालं तर शिडी घेऊन पहिला पोचणाराही तोच.

"स्किपर, बारानंतर कुठे होतात?"

"घरी. शर्ट बदलला. मग हॉलवर बाकं लावली."

"अझरायाकाकांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"वाचन संपल्यावर. खाली उतरून जाताना."

"सेल्बीचं नाव त्यांनी का गाळलं असेल?"

गारलँडने गाठ ओढून घट्ट केली. "वय झालं होतं काकांचं. आमच्या लक्षात यायला हवं होतं. सेल्बी माझ्याच बोटीत होता ना. ब्लॅक हेडच्या कड्यापाशी उलटलो. मी पोहत आलो, तो नाही आला. हे नाव दरवर्षी ऐकताना माझं काय होतं ते माझं मला ठाऊक."

"त्याचा देह?"

"नाही मिळाला. आठवडाभर शोधलं सगळ्यांनी. दोर घेऊन मीच पुढे होतो." त्याने वर पाहिलं. "लिएंडरला नेणार आज?"

"बघू. तुम्हीही हॉलवर या."

हॉलमध्ये सगळं गाव होतं, आणि सगळं गाव म्हणजे चाळीसेक माणसं. कुणी बसलं नव्हतं. बाकं लावलेली, पण लोक भिंतीला टेकून, खिडकीशी, एकमेकांत मिसळून. पोरं रडत होती, त्यांना कुणी गप्प करत नव्हतं. उना मधोमध उभी राहिली.

"मी लिएंडरला नेणार होते," ती म्हणाली. "कारण काकांच्या कोटावर फूल होतं. आपल्यापैकी कुणीही ते फूल पाहिलं तर एकच म्हणेल, बारा वाजायच्या आत गेले. आपण वेगळा विचार करूच शकत नाही."

"मग?" मागून कुणीतरी म्हणालं.

"फूल ओलं होतं. त्याच्याखालचा कोट ओला होता, बाकी सगळा कोरडा. आणि दाराशी झेलजाळं होतं, तेही ओलं. मासा नाही तर जाळं कशाला भिजवलं? काकांनी बारा वाजता आपलं फूल पाण्यात सोडलं होतं. नेहमीसारखं. म्हणजे ते बारानंतर जिवंत होते. नंतर धक्क्याच्या खांबापाशी अडकलेलं ते फूल कुणीतरी जाळ्याने काढलं आणि पुन्हा त्यांच्या कोटावर टाचलं."

प्रुइटचं तोंड उघडं राहिलं. "पण का?"

"वेळ मागे ढकलायला. आता तूच सांग, बाराच्या आतली वेळ कुणाला नडते?"

"लिएंडरला. तो एकटाच स्मारकापाशी नव्हता."

"म्हणजे लिएंडर सोडून कुणीही हे केलं असेल. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात फास कशाला घातला असता?"

डल्सी मटकन खाली बसली. त्या हॉलमध्ये बसलेलं ते पहिलं माणूस.

"आता लिएंडर." उना त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तू शब्द दिलायस ना? मोडू नकोस. मीच सांगते, चुकलं तर मान हलव. अझरायाकाका आईसाठी आलेल्या पाद्र्यालाही एक रात्र इकडची तिकडे करून द्यायचे नाहीत. त्यांनी एक नाव गाळलं, ते विसरले म्हणून नाही. तो माणूस एक जुलैला मेला नाही, असं त्यांना कळलं होतं म्हणून. आणि आदल्या संध्याकाळी ते भांडले होते तुझ्याशी. सेल्बी ऑर्गन तुला कुठे सापडला?"

मेल्विनाच्या हातातलं झाकण पडलं आणि गडगडत भिंतीपर्यंत गेलं.

लिएंडरने मान खाली घातली. मग म्हणाला, "बाल्डी खडकावर."

"ब्लॅक हेडवर नाही?"

"छे. ते तर खाडीच्या दुसऱ्या अंगाला. बाल्डीवर कुणी चढतच नाही, बोट लावायला जागाच नाही तिथे. गेल्या आठवड्यात माझं इंजिन बंद पडलं, वाहत त्याच्या अंगावर गेलो, म्हणून उतरलो. वर कपारीत एक बूट होता. आत तापल्या तारेने अक्षरं डागलेली, एस. ओ." त्याने मेल्विनाकडे पाहिलं. "मावशी, माफ कर. मी तुला लगेच सांगणार होतो. त्यावरूनच काकाशी भांडलो काल. काका म्हणाला, 'आधी मी त्या माणसाशी बोलतो. मेल्विनाला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगू दे. तेवढी संधी दे त्याला.'"

"बूट वाहत आला असेल," मेल्विना म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता.

"नाही गं. वाऱ्याच्या बाजूने दगड रचलेले होते. कमरेएवढे. पक्ष्यांची हाडं एका जागी टाकलेली. आणि तोही होता तिथे, त्या भिंतीच्या आड."

मग एकेक डोकं एकाच बाजूला वळू लागलं. बोटीत दुसरं कोण होतं हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दरवर्षी ती गोष्ट ऐकतच प्रत्येक पोर मोठं व्हायचं.

"याने काही सिद्ध होत नाही," गारलँड म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत. "चाळीस वर्षांपूर्वीचं मी सांगेन काय ते. पण आज मी काकांना पाहिलंही नाही वाचनानंतर."

"मग झेंडा अर्ध्यावर का आणलात, स्किपर?"

"काका गेले म्हणून. गाव तेच करतं."

"कधी आणलात?"

"लिएंडरने सांगितल्यावर."

"मावशी," उना न वळता म्हणाली, "झेंडा कधी पाहिलास?"

मेल्विनाने गारलँडकडे पाहिलं. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. सेल्बी गेल्यावर तिच्या आईच्या चुलीसाठी हिवाळाभर लाकडं फोडणारा तोच होता.

"लिएंडर यायच्या आधी," ती म्हणाली. "मी विचारलं होतं, कोण गेलं म्हणून. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

दोनतीन माना हलल्या. हो, ऐकलं होतं.

"दोरीला दुसरं कुणी हात लावत नाही," उना म्हणाली. "आणि काका गेलेत हे त्या वेळी अख्ख्या गावात एकालाच माहीत होतं. स्किपर, तुम्ही फुलाची हुशारी केलीत. कडी लावलीत. आणि मग तुमच्या हाताला लहानपणापासूनची जी सवय, ती करून बसलात."

गारलँडने आपले हात पाहिले.

"ते तिथे पडलेले," तो म्हणाला, "आणि वर झेंडा फडफडतोय वाढदिवसाचा. मला बघवेना. मी किती वेळ दोरी धरून उभा होतो. खाली नको आणू म्हणत होतो स्वतःला." त्याने मान हलवली. "मी त्यांना मारायला गेलो नव्हतो. बारानंतर त्यांनीच हाक मारली धक्क्यावरून. म्हणाले, आज चार वाजता केक कापायच्या आधी मेल्विनाला सांग. मी म्हटलं, मी मेल्यावर सांगा. ते दाराकडे निघाले. मी ओढलं. त्यांचा पाय सरकला."

"आणि लिएंडर?" डल्सी ओरडली. "त्याला नेत होते! तू बघत उभा होतास!"

"तो तिथे नव्हता हे मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, सगळे प्रार्थनेला होते, म्हणजे सगळं गाव सुटेल. कुणाचंच नाव येणार नाही." तो थांबला. "नंतर कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. दुसऱ्यांदा."

मेल्विना गर्दीतून पुढे आली. लोकांनी वाट दिली. ती त्याच्या इतकी जवळ गेली की प्रुइट पुढे सरसावला. उनाने त्याला हाताने थांबवलं.

"तू त्याला का सोडलंस, गार?"

"तो पक्ष्यांची अंडी काढायला खडकावर चढला. लाट वाढली. बोट खडकावर आपटायला लागली. मी घाबरलो, मेल्विना. एकवीस वर्षांचा होतो. म्हटलं, समुद्र निवळला की येऊन घेईन. नाही निवळला. आणि मी घरी पोचल्या पोचल्या तो बुडाला म्हणून सांगून टाकलं होतं. तुझी आई दारात उभी होती, विचारत होती. तोंडातून निघून गेलं. मग ते परत कसं घेणार?"

"आम्ही आठवडाभर शोधलं," मेल्विना म्हणाली. "तुझ्या मागून. ब्लॅक हेडला. तेव्हा तो इकडे दगड रचत होता."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"तू वळलास तेव्हा त्याने हाक मारली?"

"मेल्विना, नको."

"मारली का?"

"त्याला वाटलं, मी बोट नीट लावायला वळवतोय," गारलँड म्हणाला. "हात हलवला त्याने. हसत होता. म्हणाला, 'दमानं घे, गार. मला काही घाई नाही.'"

उनाने लिएंडरच्या हातातल्या बेड्या काढल्या. गारलँडने हात पुढे केले होते, पण त्याच्या आणि तिच्या मध्ये मेल्विना उभी होती, आणि तिला बाजूला हो म्हणायला कुणाची जीभ रेटेना.